चौथ्या अक्षरावरचे अडखळणे

अकरा फेब्रुवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. वहीत नोंद तशी आहे. दाढी करताना आरशात मागच्या दाराची चौकट दिसली, आणि कडीच्या वर ती आत दबलेली दिसली. मी वळून पाहिले. चौकट तशीच होती, दबलेली.

पहिला विचार लाकडाचा आला. थंडीत लाकूड आकसते, ऊन चढू लागले की पीळ घेते. कारखान्याच्या निरीक्षण विभागात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला दुसरा विचार सुचत नाही. मी कपाटातून पोलादी पट्टी आणली आणि चौकटीला लावली. पट्टीच्या मागून प्रकाश येत नव्हता, म्हणजे चौकट सरळ होती. पण पट्टीही त्याच जागी दबलेली दिसत होती. मग उजवा डोळा झाकला. दोन्ही सरळ झाल्या. डावा झाकला. दोन्ही वाकल्या.

दोष वस्तूत नसून मोजणाऱ्यात असला, तर काय करायचे याचा आमच्या विभागात नियम होता. मोजणाऱ्याने तसे लिहून द्यायचे आणि त्या दिवसापुरते काम थांबवायचे. मी साबण पुसला आणि अर्धी दाढी तशीच ठेवून खुर्चीवर बसलो.

आत नात ईशा झोपली होती. तिला सांगायच्या गोष्टी दोन होत्या. पहिली आदल्या संध्याकाळीच सांगायला हवी होती.

फेब्रुवारी भोपाळात दोन ऋतूंचा असतो. सकाळी स्वेटर, दुपारी अंगणात बसवत नाही. सावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर जाड लाल फुले येतात आणि दुपारच्या शांततेत ती खाली पडल्याचा आवाज येतो. बिट्टन मार्केटच्या हाटात शेवटच्या बिह्या, म्हणजे पेरू, येतात, आतून गुलाबी, बी कडक. हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या येतात. लोक त्या वाळक्या काटक्यांवर भाजतात, सोलताना बोटे काळी होतात आणि तीच बोटे तोंडाला लागतात. कारखान्याच्या वसाहतीत हा महिना आणखी एका गोष्टीचा होता. परीक्षांचा.

मुलांची परीक्षा मार्चमध्ये असे. फेब्रुवारीत संध्याकाळी क्वार्टरांच्या ओळीतून गेले तर प्रत्येक व्हरांड्यातून वेगळा विषय ऐकू येई. एका घरी सतराचा पाढा, दुसऱ्या घरी नद्यांची नावे, तिसऱ्या घरी संस्कृतची रूपे. विषय काहीही असो, चाल एकच. आणि त्याच महिन्यात बापांचीही परीक्षा असे. वसाहतीच्या दवाखान्यात वार्षिक वैद्यकीय तपासणी होई. वजन, रक्तदाब, छाती. शेवटी डोळे. सहा मीटरवर भिंतीवर तक्ता. वर एक मोठे अक्षर, खाली लहान होत जाणाऱ्या ओळी. सहावी ओळ वाचली की कार्डावर सहा बटा सहा, म्हणजे पूर्ण नजर, असे लिहिले जाई आणि माणूस वर्षभर सुटे.

इतरांना ती औपचारिकता होती. क्रेन चालवणाऱ्यांना नव्हती. चष्मा लागला की माणूस क्रेनवरून खाली उतरतो, अशी आमच्याकडे समजूत होती. खाली उतरणे म्हणजे काय ते वसाहतीबाहेरच्या माणसाला सांगणे अवघड आहे. शेडच्या छताखाली, क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाकडे खालचे सगळे मान वर करून पाहत. तोच माणूस उद्या हातात झाडू घेऊन त्याच शेडमध्ये फिरताना दिसला, की त्याच्याकडे कोणीच पाहत नसे. असे दोघे माझ्या पाहण्यात होते.

गणपत मेश्राम तिसरा झाला असता.

तो नागपूरकडचा. पंचविशीत वसाहतीत आला आणि चाळिशीपर्यंत शेडमधला सर्वांत अलगद हात त्याचा होता. मी तपासलेला भाग तो उचले आणि पुढच्या जोडणीवर ठेवी. ठेवल्याचा आवाज येत नसे. आमची ओळख त्या न आलेल्या आवाजाची. मी कोणाचे कौतुक करत नसे. त्याचे एकदा केले होते.

तो फेब्रुवारीतल्या एका रविवारी क्वार्टरच्या मागे, सावरीच्या झाडाखाली आला. हातात हरभऱ्याची जुडी. बराच वेळ नुसता सोलत राहिला. मग म्हणाला, "लेले साहेब, तक्त्याची खालची ओळ लटपट करते."

"चष्मा कर."

"चष्मा करतो अन् झाडू धरतो. दोन्ही संगच मिळते."

तो पुढे म्हणाला, "खालून इशारा देनाऱ्या खलाशाचा हात मले साफ दिसते. क्रेनचा आकडा दिसते. अक्षरं नाई दिसत. क्रेनले काय अक्षरं वाचून दाखवा लागते का?"

हा युक्तिवाद चुकीचा होता आणि मला तो पटला. दोन्ही विधाने मी आज एका वाक्यात लिहितो. तेव्हा पहिले लिहिले नसते.

माझी स्वतःची तपासणी बुधवारी होती. मी सहावी ओळ वाचली, आणि वाचताना पाठ केली. र, ट, न, ग, प, ह. घरी येऊन आरेखनाच्या कागदावर पूर्ण तक्ता उतरवला, प्रमाणात. निष्काळजीपणा मला खोटेपणातही जमला नाही.

सावरीखाली गणपतची शिकवणी झाली. त्याने दोन दिवसांत ओळ पाठ केली. पण शेजारच्या व्हरांड्यात त्याचाच मुलगा पाढे म्हणत होता आणि बापाने ओळ त्याच चालीवर म्हटली. र ट न, ग प ह. मी म्हणालो, "हे गाणे आहे. वाचणे नव्हे. कंपाउंडर ओळखेल."

"मग कसं म्हणू?"

"चौथ्या अक्षरावर अडखळ. डोळा बारीक कर. थोडा थांब, मग ग म्हण. ज्याला दिसते तोही तिथे थांबतो, कारण ग आणि म लांबून सारखे दिसतात."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "साहेब, तुम्ही निरीक्षणात गेले म्हणून बरं झालं. चोरीत गेले असते तर कोनाले सापडले नसते."

तो उत्तीर्ण झाला. मी अट घातली होती की उचल करताना खाली अनुभवी खलाशीच उभा राहील आणि संशय आला की गणपत भोंगा देऊन थांबेल. त्याने अट पाळली. त्याच्या क्रेनवरून कधी काही पडले नाही. ही आमची पुण्याई नाही, निव्वळ दैव आहे. ज्यांचा जीव मी त्या कागदावर टांगला, त्यांना मी विचारले नव्हते.

त्या कागदाच्या प्रती निघाल्या. पुढच्या फेब्रुवारीत मी दवाखान्याच्या बाकावर बसलो असता क्रेनवरचे चौघे आत गेले. चौघेही ग या अक्षरावर अडखळले. दार उघडे होते. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

नियमाविषयी एक गोष्ट येथेच लिहितो. निवृत्तीनंतर रद्दी काढताना सेवानियमांची जुनी पुस्तिका सापडली. क्रेन चालकाची दृष्टी चष्म्यासह योग्य असावी, असे तीत होते. चष्म्यासह. आमच्यापैकी कोणी ते वाचले नव्हते. जे दोघे खाली उतरले ते दुसऱ्या कारणांनी उतरले असतील. मोजपट्टीच्या एका रेघेसाठी हुज्जत घालणाऱ्या मी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला. ती पुस्तिका मी गणपतला दाखवली नाही.

ईशा इंदूरहून माझ्याकडे राहायला आली ती मागच्या पावसाळ्यानंतर. ती संगणकाचे शिक्षण घेते. उतारवयात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, त्या आजाराचा तिचा प्रकल्प आहे. हा आजार कोणाला होतो, कोणाला होत नाही, आणि आधी कोणत्या खुणा दिसतात, हे यंत्राकडून शोधून घ्यायचे. वसाहतीच्या दवाखान्याने जुन्या नोंदी नावे काढून तिला दिल्या. निवृत्त माणसांना ती घरोघर जाऊन प्रश्न विचारी. तंबाखू खाता का, उन्हात काम केले का, वेल्डिंग केले का, पालेभाजी किती, आईवडिलांना दिसत होते का.

यंत्र कसे शिकते, असे मी तिला विचारले होते. ती म्हणाली, "आबा, त्याला रूल सांगायचा नाही. फक्त उदाहरणं दाखवायची, खूप सारी. रूल तो खुद ढूँढता है."

ते मला समजले. आम्हीही नव्या निरीक्षकाला पुस्तक देत नसू. चांगले शंभर भाग आणि बाद झालेले शंभर भाग समोर ठेवत असू आणि म्हणत असू, फरक तू सांग. या पद्धतीत एकच धोका असतो. चांगल्यांच्या ढिगात कोणी बाद भाग ठेवला, तर शिकणारा तोही चांगला म्हणून शिकतो. आणि तो मन लावून शिकणारा असला, तर अधिकच पक्का शिकतो.

जानेवारीत मी तिच्याबरोबर नेहरू नगरला गेलो. गणपत आता तिथे मुलाकडे असतो. दार त्यानेच उघडले. माझ्या खांद्याच्या बाजूला पाहत म्हणाला, "या, लेले साहेब."

"ओळखलेस कसे?"

"बाजूनं पाहतो ना. डाव्या डोळ्यानं समोर पाहिलं तर तुमचे कान दिसते, टोपी दिसते. मधातलं तोंड कोनी खोडरबरनं पुसल्यावानी." मग ईशाकडे मान तिरकी करून म्हणाला, "पोरी, तुह्या आजोबाचं तोंड नाई दिसलं तर नुकसान नाई म्हना. हासत तं कधीच नव्हते."

ईशा हसली. तिने प्रश्नावली काढली. डाव्या डोळ्याने मधले दिसेनासे झाले, ते केव्हापासून, असे विचारले.

"तीन साल तं मी कोनाले सांगतलंच नाई. खांब वाकडे दिसायचे. मनलं, दिसू दे. उजव्यानं काम चालते."

"पण काका, का नाही सांगितलं? घरात सगळे होते ना?"

गणपतने खांदे उडवले. "सवय, बेटा. डोळ्याचं कोनाले सांगायचं नसते."

नोकरीत असताना कधी त्रास, हा पुढचा प्रश्न. तो म्हणाला, "कधीच नाई. हर साल सहा बटा सहा." आणि मी जिथे बसलो होतो तिकडे तोंड करून हसला. ईशाने ते लिहून घेतले. सहा बटा सहा. माझ्या हातात चहा होता. मी तो संपवला.

दहा फेब्रुवारीच्या संध्याकाळी तिने संगणक माझ्यापुढे ठेवला. आवाज चढलेला होता. "आबा, हे बघा. वय, ते तर होणारच. तंबाखू, सिगरेट, एकदम वर. घरात आधी कुणाला असेल तर तेही. सगळं पुस्तकातलं आलं, म्हणजे मॉडेल बरोबर चाललंय. आणि आता हे बघा! क्रेन ऑपरेटर. यांची नजर वयाबरोबर घसरतच नाही. बाकी सगळ्यांची रेषा खाली जाते, आणि यांची बिलकुल सीधी!"

पडद्यावर एक आडवी, सरळ रेषा होती. तिच्या खाली दुसऱ्या सर्व कामगारांच्या रेषा उताराला लागल्या होत्या.

"काय कारण असेल?" मी विचारले. मला कारण माहीत होते.

"तेच तर! उंचावर काम, ऊन नाही, वेल्डिंगची चमक नाही, दिवसभर लांब बघायचं. कुछ तो है ना! सर म्हणाले, हेच पुढे मांड. परवा सगळ्यांसमोर दाखवायचंय."

जुन्या वर्षांत डोळ्याच्या आतले छायाचित्र काढण्याची सोय नव्हती. तेव्हाचा पुरावा एकच, तक्ता. यंत्राला ती कार्डे दिली होती. यंत्राने ती प्रामाणिकपणे वाचली. र, ट, न, ग, प, ह.

मी म्हणालो, "जेवून घे." एवढेच म्हणालो आणि झोपायला गेलो. ही पोर चार महिने स्कूटरवरून घरोघर फिरली होती. म्हाताऱ्यांच्या बढाया ऐकल्या होत्या, प्रत्येक घरचा चहा प्यायली होती. तिच्या हाती लागलेली एकमेव नवी गोष्ट माझ्या हातची निघाली. सकाळी सांगू, असे ठरवले. सकाळी सांगेन याची खात्री नव्हती, हेही लिहितो.

सकाळी चौकट वाकली.

ईशा आठला उठली. अर्धी दाढी पाहून म्हणाली, "आबा, हे काय, ब्लेड संपलं?"

मी तिला बसवले आणि सांगितले. सावर, आरेखनाचा कागद, चौथे अक्षर, प्रती. पाच मिनिटे लागली. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे माझं मॉडेल रट्टा शिकलं. तुमचा रट्टा."

"होय."

"काल रात्री तुम्हाला माहीत होतं."

"होय."

"आणि मी वेड्यासारखी नाचत होते." ती उठून खिडकीशी गेली. पाठ माझ्याकडे होती. "काका लोकांनी झूठ सांगितलं ते समजू शकते. पण तुम्ही, आबा? तुम्ही माझ्या भाजीतल्या मिठाचंसुद्धा खरं सांगता!"

ती वळली. "मग आज का सांगितलं?"

"दाराची चौकट वाकडी दिसते. उजव्या डोळ्याने."

तिचा चेहरा बदलला. रेघा वाकड्या दिसतात का, या प्रश्नाचे उत्तर तिने चार महिन्यांत कितीदा लिहून घेतले असेल. "कधीपासून?"

"सात वाजून दहा मिनिटांपासून."

"स्वेटर घाला," ती म्हणाली. स्कूटरची किल्ली तिने आधीच उचलली होती.

दवाखाना तोच. भिंती नव्याने रंगवल्या आहेत, बाक तेच. कंपाउंडर तरुण आहे. त्याने मला सहा मीटरवर बसवले आणि डावा डोळा झाकायला सांगितला. मी समोर पाहिले. वरचे मोठे अक्षर होते. त्याखाली राखाडी डाग, आणि डागाच्या कडेने वाकत गेलेल्या ओळी.

"नीचे वाली पढ़िए, बाबूजी."

मी म्हणालो, "र. ट. न."

आणि थांबलो. डोळा बारीक केला. हे मी ठरवून केले नाही. ते आपोआप झाले, जिथे व्हायचे तिथेच. तक्ता बदलला गेला नव्हता. मला एकही अक्षर दिसत नव्हते आणि मी चौथ्यावर अडखळलो होतो.

"आराम से, आराम से," कंपाउंडर म्हणाला. "ठीक जा रहे हैं आप. आगे?"

पुढचा आवाज माझ्या जिभेवर तयार होता. तो उच्चारला असता, तर कार्डावर सहा बटा सहा आले असते आणि मी घरी गेलो असतो. ईशा दारात उभी होती. तिला माझा चेहरा दिसत होता. मला तिचा दिसत नव्हता.

"पुढचे म्हणत नाही," मी म्हणालो. मग त्याच्यासाठी हिंदीत म्हणालो, "बेटा, यह मुझे याद है. दिखता कुछ नहीं. दूसरा चार्ट लगाइए."

"याद है? चार्ट याद है?" तो हसला. "किसलिए, बाबूजी?"

"लंबी बात है."

दुसरा तक्ता कपाटावर धूळ खात होता. त्यावर मला वरून दोनच ओळी वाचता आल्या. कंपाउंडरने तसे लिहिले. माझ्या कार्डावरची ती पहिली खरी नोंद नव्हे, मला पूर्वी खरोखर दिसत होते. पण मी ज्यांना शिकवले, त्यांच्या वतीने ती पहिली म्हणावी लागेल.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून पडदा पाहिला. चौकटींचा एक कागद दिला, मध्यभागी काळे टिंब. रोज सकाळी एकेक डोळा झाकून टिंबाकडे पाहायचे, रेघ वाकली की त्याच दिवशी यायचे. उद्या सकाळी शहरातल्या मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात इंजेक्शन. गेलेले किती परत येईल ते सांगत नाही, असलेले राखायचे बघू, असे म्हणाल्या. आणि म्हणाल्या, "आजच आलात. लोक वर्ष वर्ष घालवतात."

ईशाने माझ्याकडे पाहिले नाही. आम्हा दोघांना एकच माणूस आठवला असावा.

तिने बाकावर बसूनच तिच्या सरांना फोन केला. क्रेन ऑपरेटरचा निष्कर्ष मागे घेते, तक्त्याच्या जुन्या नोंदी काढते, फक्त छायाचित्रांवर शिकवते. सर काहीतरी म्हणत राहिले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "नहीं सर, एरर नहीं है. लोगों ने रट लिया था. लोग डरे हुए थे." फोन ठेवून मला म्हणाली, "हे लिहायचंय मला. नावाशिवाय. पण काकांना विचारून."

थेंबांमुळे फेब्रुवारीचे दुपारचे ऊन सहन होत नव्हते. मी स्कूटरवर मागे डोळे मिटून बसलो आणि नेहरू नगर येईपर्यंत नाकाने वाट ओळखत गेलो. भाजलेला हरभरा, डांबर, टी. टी. नगरातून जाताना समोशांचे तेल.

गणपतला सर्व सांगितले. पुस्तिकेतला नियमही सांगितला. चष्म्यासह चालत होते, हे त्याने माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले. मग म्हणाला, "म्हंजे मी फुकटच भ्यालो."

"आपण दोघेही."

"तुम्ही काहून भ्याले? तुमाले कोन उतरवत होतं?"

मी म्हणालो, "मी वाचायला हवे होते." त्याने हात चाचपडत पुढे केला. त्याचा हात माझ्या मनगटावर पडला. अलगद, आवाज न होता.

"सांगून टाका, साहेब," तो म्हणाला. "पोरीच्या मशीनले सांगा, गणपत मेश्राम खोटा पास झाला होता. आता कोन उतरवते मले खाली?"

ईशाने विचारले, "आणि उजवा डोळा, काका? तो बरा आहे ना?"

"बरा हाय," तो झटकन म्हणाला. मग थांबला. या वेळचे थांबणे माझ्या शिकवणीतले नव्हते. "बहुतेक बरा हाय. पाहिलं नाई."

संध्याकाळी घरी न जाता ईशाने कोपऱ्यावरून चौकटींच्या कागदाची मोठी प्रत काढून आणली. गणपतच्या मुलाकडे पाणसळ होती, ती मागून घेतली. कागद फ्रिजवर, गणपतच्या उजव्या डोळ्याच्या उंचीवर धरला. माझे डोळे त्या दिवसापुरते कामावरून दूर होते, म्हणून सरळपणा त्यांच्यावर सोडला नाही. कागदाच्या वरच्या कडेला पाणसळ टेकवली. ईशाने वाकून बुडबुडा पाहिला आणि मधोमध आहे म्हणाली. मग मी चारही कोपरे चिकटवले.